शेंगा फोडणारे तात्या वकील

आमच्या तात्यांचा आवाज कोर्टात लागला की बाहेर लिंबाखाली बसलेले पक्षकार उगीचच उठून उभे राहायचे. पण अशील समोर येऊन बसलं की हाच माणूस मुका! बोलण्यावर पोट असलेला मनुष्य इतका गप्प बसलेला मी तोवर पाहिला नव्हता. मला वाटलं, म्हातारा फुकटच्या केसमध्ये अंग चोरतोय. मी तेव्हा नवाकोरा वकील होतो, आणि नव्या वकिलाला कायदा सोडून सगळ्यातलं कळतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, बारामतीची. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी तिथं मोफत सल्ल्याची एक खोली होती. तात्या तिथले मुख्य आणि मी त्यांचा ज्युनिअर. तात्या मूळचे इंदापूरकडचे. वडील मेंढरं घेऊन हिंडले, हे शिकून वकील झाले आणि जळोचीत घर बांधून राहिले. त्यांच्या टेबलावर कायद्याच्या पुस्तकांपेक्षा भाजलेल्या शेंगांची पुडी आधी दिसायची. बाई आली की तात्या पुडी मध्ये सरकवायचे, "जरा हात लाव गं, मला एकट्याला व्हत न्हाय," म्हणायचे आणि खाली मान घालून शेंगा फोडायला लागायचे. तीही फोडायची. दाणे वाटीत, टरफलं कागदावर. बराच वेळ नुसता कडकड आवाज. मग कधीतरी, शेंगेकडं बघत बघतच, ती बोलायला लागायची.

आता हे मला कुणी सांगितलं होतं का? मी रुजू झालो आणि लगेचच सांगवीची कमल आली, भावाबरोबर. तात्या फोडत होते, ती फोडत होती आणि मी दाणे खात होतो. डबा आणला नव्हता हो! वाटी संपली तशी मी पुडीलाच हात घातला आणि तीही संपवली. कमलचे हात रिकामे पडले. ती पदराचं टोक पिळत बसली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. ती गेल्यावर तात्या रिकाम्या कागदाकडं बघत म्हणाले, "वकीलसाहेब, आज अख्खी फिर्याद खाल्ली तुमी." दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यासाठी फुटाण्यांची वेगळी पुडी आणू लागले. कोर्टातल्या सगळ्या वकिलांना ते कळलं. पुढं कितीतरी केसेस हरलो, पण एवढा पाणउतारा कधी झाला नाही.

कमलचा नवरा तिला मारायचा. एका दुपारी त्यानं तिला घराबाहेर काढलं आणि तीन-चार वर्षांची लेक ठेवून घेतली. सासर वालचंदनगरकडं. कमलला नवरा नको होता, खावटीचे पैसे नको होते, लेक पाहिजे होती. पण ती बोललीच नाही तर कोर्ट पोर देणार कशाच्या जोरावर? त्यात आमची रीत अशी की आधी कारकून विचारणार, मग मी, मग ही खोली चालवणाऱ्या समितीवरची माणसं. कशानं मारलं, कुठं मारलं, का मारलं? शेजारी भाऊ बसलेलाच. "का मारलं" हा प्रश्न तर मी फार ऐटीत विचारायचो. तात्यांनी तो एकदा ऐकला आणि कोर्टातला आवाज खोलीत काढला.

"तिला काय ठावं? ज्यानं मारलं त्याला इचारा की!"

त्यांनी भावाला चहा प्यायला धाडलं आणि नियमच करून टाकला. बाईनं एकदाच सांगायचं, एकाच माणसाला. बाकीच्यांना काय हवं ते त्यांनी त्याच्याकडून समजून घ्यायचं. "जखम हाय ती," तात्या म्हणाले, "येईल त्यानं बोट घालून बघायचं व्हय?" कारकून रुसला. मीही रुसलो होतो, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग शेंगा फोडता फोडता कमल तात्यांशी बोलली आणि केस उभी राहिली. साक्षीच्या आदल्या दिवशी, काम उरकल्यावर, तात्या कमलला आणि मला रिकाम्या कोर्टात घेऊन गेले. जज कुठं बसतात, तिनं कुठं उभं राहायचं, दार कोणत्या बाजूला आहे, सगळं तिला दाखवलं. मग मला विरुद्ध बाजूचा वकील केलं. मी खूश! कोट चढवला, घसा खाकरला. तेवढ्यात तात्या तिला म्हणाले, "हा लई बोलतो. नको वाटलं की 'थांबा' म्हणायचं. ह्यो थांबतो का न्हाय ते बघू."

मी तोंड उघडलं. "थांबा," कमल पुटपुटली. थांबलो. पुन्हा सुरू केलं. "थांबा." जरा मोठ्यानं. पुढं पुढं तर मी नुसता श्वास घेतला तरी "थांबा!" आयुष्यातली माझी पहिली उलटतपासणी, आणि एक प्रश्न पुरा झाला नाही. कमल तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी समोरचा वकील खरोखरच अंगावर ओरडला. कमल पांढरीफटक पडली. मग तिनं कठडा धरला. "थांबा. हळू बोला. मला ऐकू येतंय." जजसाहेबांनी मान वर करून पाहिलं आणि वकिलाला आवाज खाली घ्यायला सांगितलं. त्यानंतर कमलनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

निकाल तिच्या बाजूनं लागला.

तात्या जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. ते आठवले की मला लेक ताब्यात द्यायची ती दुपार आठवते, आणि गंमत म्हणजे त्या दुपारी तात्या एक शब्दही बोलले नव्हते.

पोरीची आजी, म्हणजे कमलची सासू, तिला कोर्टाच्या आवारात घेऊन आली. वर्षभराच्या ताटातुटीनं पोर आईला बुजली होती. कमलला बघताच ती आजीच्या लुगड्यामागं दडली. आम्ही जिंकलो होतो, आणि जिंकलेली पोर भेदरून थरथरत होती. मी अर्थातच मध्ये पडलो. "बेलिफला सांगू का, उचलून द्यायला?" तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जीभ चावली.

"नगं साहेब," कमल म्हणाली. जरा लांबच, ती जमिनीवर बसली. हात पुढं केले नाहीत, हाक मारली नाही. ऊन पायरीवरून खाली उतरलं. पोर हळूच बाहेर आली आणि जवळ येऊन उभी राहिली.

"मला न्यायला आलीस?"

"व्हय. पण तू म्हणशील तवाच जायचं."

पोरीनं विचार केला. मग म्हणाली, "मला तहान लागलीया."

कमल उठली.