लांबून बघणारी भागूआत्या

भागूआत्या कुठलीही वस्तू बघताना चार पावलं मागं सरायची आणि एक डोळा मिटायची. मग तो माठ असो, कुणाची नवी सून असो, नाहीतर पौडच्या स्टँडवर लागलेली एसटी. "जवळनं समदं खोटं दिसतंय," म्हणायची.

ती आमच्या शेजारच्या कुंभाराची विधवा बहीण. चाकावर बाईनं बसायचं नाही, हा त्या घरचा कायदा. त्यामुळे तिचा जन्म माती तुडवण्यात गेला. मी पिरंगुटच्या कारखान्यात कारकून होतो. तिथं नवाच कॉम्प्युटर आला होता. त्यावर छापलेलं, नुसत्या फुल्या-टिंबांचं एका बाईचं चित्र मी गंमत म्हणून तिला दाखवलं. मागं सरत सरत ती अंगणाच्या टोकाला पोचली आणि ओरडली, "आरं, ही तर बघतीया माझ्याकडं! ह्याला चाक लागत न्हाई. मी करीन."

आणि केलं की! बोटाच्या पेराएवढे मातीचे चौकोन, काही लाल भाजलेले, काही भट्टीत धूर कोंडून काळे केलेले; ते फळीवर जुळवून तिनं त्या बाईचं चित्र उभं केलं. भाऊ हसला, आळी हसली. माझ्या बायकोनं तिला स्वतःचं नाव गिरवायला शिकवलं होतं. प्रत्येक ओल्या चौकोनाच्या पाठीवर तिनं ते काडीनं कोरलं. "येवढं एक तरी माझ्या नावाचं ऱ्हाऊ दे," म्हणाली.

कारखान्याच्या साहेबांना ते चित्र फार आवडलं. मीच उत्साहानं नेऊन दिलं, कारखान्याच्या दाराशी भिंतीत बसवून घेतलं. आत्याला बघायला नेलं, तोवर खाली पाटी लागली होती : 'कॉम्प्युटरने घडवलेली कलाकृती'. साहेब शेजारीच उभे होते.

"काय लिव्हलंय रं?" आत्यानं विचारलं.

नोकरी नवी होती, असं मी अजून स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मी भ्यालो. म्हणालो, "तुझंच नाव, आत्या."

त्या दिवशी ती मागं सरली नाही. पाटीच्या अगदी जवळ गेली, अक्षरांवरून बोट फिरवलं. "माझं नाव मला वळखू येतंय," एवढंच म्हणाली. पुढं ती मरेपर्यंत मातीला शिवली नाही, आणि माझ्याशी बोललीही नाही.

काही वर्षांनी कारखान्यानं ती भिंत पाडली. ढिगाऱ्यातून एक काळा चौकोन मी उचलून आणला आणि पाठीचं सिमेंट खरवडायला बसलो. सिमेंटबरोबर तिचं नावही निघून आलं.