ओट्यावरची फर्स्ट शिफ्ट

आमच्या घरात न्याहारी नावाचा प्रकार माझ्या नवऱ्याने सुरू केला. त्याआधी मी सकाळी चहात बिस्किट बुडवायचे, ते तुटून तळाशी बसायच्या आत तोंडात जायचं, आणि एवढ्या पराक्रमावर मी दुपारपर्यंत तग धरायचे.

त्या वर्षी आमच्याकडे दोन उलथापालथी एकदम झाल्या. पिंपरीकडच्या ज्या कारखान्यात नवरा सुपरवायझर होता तिथे नवी यंत्रं आली आणि जुनी माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आली. त्यात 'स्वेच्छा' कोणाची होती ते मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या घरातली तर नक्कीच नव्हती. त्याच सुमारास मला हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पगार विभागात नोकरी लागली. माझी चाळिशी उलटलेली. तिथली मुलं मला 'मॅम' म्हणायची आणि अशा काळजीने म्हणायची, की जणू मी आत्ता कोसळेन आणि त्यांना उचलावं लागेल.

कंपनीची बस सातला धायरी फाट्यावर यायची. मी पदर, पर्स आणि डबा सावरत पळायचे. नवरा मात्र माझ्याही आधी, पाचला उठलेला असायचा. सवय! दाढी करायचा, कारखान्याचा निळा शर्ट घालायचा आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचा. एवढं आवरून जायचं कुठेच नसायचं. हातात पेपर असायचा, पान उलटायचं नाही.

"याला कुठेतरी जुंप बाई," सासूबाई मला म्हणाल्या, "नाहीतर हा बसल्या जागी गंजेल."

मी दुकान सुचवलं, क्लास सुचवला, सोसायटीचं सेक्रेटरीपदसुद्धा सुचवलं, जे मी शत्रूलाही सुचवणार नाही. प्रत्येक वेळी तो "बघू" म्हणाला. आयुष्यभर मशीनवर तोंडभरून ओरडलेल्या माणसाचं ते मऊ "बघू" ऐकलं की मी घाईघाईने पुढचं काहीतरी सुचवायचे.

आणि एके दिवशी बसमध्येच मला चक्कर आली. डोळे उघडले तर भोवती 'मॅम, मॅम' असा गजर चाललेला. त्यांची भविष्यवाणी खरी ठरली होती! संध्याकाळी नवरा मला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"सकाळी काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चहा."

"खाता काय, असं विचारलं मी."

"बिस्किट."

"छान. उद्यापासून दवाखान्यातच मुक्कामाला या. रोज ये-जा कशाला करता?"

घरी आल्यावर थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून डब्यांचे आवाज आले. काय चाललंय विचारलं तर म्हणाला, "उद्याची तयारी. सकाळी घाई नको."

आता कारखान्यात आदल्या दिवशी केलेली तयारी ही उत्तम गोष्ट असेल. पण या माणसाने आदल्या संध्याकाळी पोहे भिजत घातले होते! सकाळपर्यंत ते पातेल्यात एकजीव होऊन बसले. त्याने त्या गोळ्याला रीतसर फोडणी दिली, वर कोथिंबीर पेरली आणि बशी समोर ठेवली.

सासूबाईंनी चमच्याने टोचून पाहिलं. "अरे, हे खायचं आहे की कुठे चिकटवायचंय?"

त्याने उलथनं खाली ठेवलं. "माझं काम नाही हे," असं म्हणून गॅलरीकडे वळला. त्या खुर्चीकडे.

बसची वेळ झाली होती, पर्स माझ्या खांद्यावर होती. पण आज हा माणूस त्या खुर्चीत बसला तर पुन्हा उठायचा नाही, असं मला अगदी स्वच्छ वाटलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी हवालदाराचं काम केलं होतं. तोच आवाज काढला.

"सुपरवायझरसाहेब! माल रिजेक्ट झालाय. कस्टमर दारात उभा आहे. कारण काय सांगू?"

तो थांबला. वळला. त्याच्या कपाळावर एक आठी उमटली. मशीन बिघडलं की उमटायची ती. कितीतरी महिन्यांनी दिसली. मला वाटलं, ओवाळावं तिला.

"आई, पोहे किती वेळ भिजवतात?"

"भिजवत नाहीत रे. धुऊन चाळणीत निथळत ठेवतात."

"मग रात्रभर काय भिजवतात?"

"मूग."

"मूग," तो म्हणाला, आणि परत ओट्याकडे गेला. सासूबाईंनी माझ्या मुठीत शेंगदाणे आणि गूळ कोंबला. मी बस पकडली.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई हॉलमध्ये पाठ फिरवून बसलेल्या. "जा, बघून ये. माझ्या सांडशीभोवती रेघ मारून ठेवलीय त्याने. पोलीस मुडद्याभोवती मारतात तशी!"

खरंच, ओट्यावर आणि भिंतीच्या फरशीवर पांढऱ्या ऑइल पेंटने आकृत्या काढलेल्या होत्या. तव्याची जागा, उलथन्याची जागा, तेलाच्या भांड्याची, मिठाची. कारखान्यात प्रत्येक पाना अशाच आपापल्या आकृतीत टांगलेला असायचा म्हणे.

"करायला वेळ लागत नाही," नवरा म्हणाला. "शोधायला लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर गरगरला. भिजलेले मूग, आलं, मिरची, मूठभर पालक. तव्यावर धिरडं पडलं, कडेने तूप सुटलं. मी उभ्याउभ्या दोन खाल्ली, तिसरं हातात घेऊन बस गाठली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला भूक म्हणून आठवली नाही. मुलांनी 'मॅम' म्हणताना हात पुढे केले नाहीत.

मग गाडी सुटलीच. भाजणीत दुधी किसून थालीपीठ, वर दही. भाजून ठेवलेल्या दलियाचा मटार घालून उपमा. नाचणीची ताकातली उकड. संध्याकाळी भिजवणं, चिरणं, मोजून डब्यात भरणं. सकाळी फक्त तवा. धिरडं गोल नसेल तर साहेब ते पास करायचे नाहीत. बाजूच्या ताटलीत जायचं. ती ताटली सासूबाईंची. थोड्या दिवसांनी त्याच विचारायला लागल्या, "का रे, आज रिजेक्शन नाही?" तेव्हापासून एखादं धिरडं मुद्दाम वाकडं पडायला लागलं. मी पाहिलंय.

आणि मग तो बुधवार. संध्याकाळी मी विचारलं, "अहो, उद्या काय?"

"उद्या गुरुवार. वीकली ऑफ."

पिंपरीच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, हे खरं. पण हिंजवडीला नसते! मी तसं सांगितलं.

"ते तुझ्या कंपनीला सांग," तो म्हणाला. "मी आठवडाभर राबतोय."

गुरुवारी सकाळी मी आवरून बाहेर आले. निळा शर्ट दोरीवर वाळत होता. गॅलरीतली खुर्ची रिकामी. खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता, मोठा, निवांत, सुट्टीच्या दिवशी हक्काने झोपलेल्या माणसाचा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो पाचला उठला नव्हता.

ओट्यापाशी सासूबाई होत्या. पोहे चाळणीत निथळत होते.

"हळू बोल," त्या म्हणाल्या, "त्याची सुट्टी आहे." बशीत गरम पोहे वाढून त्यांनी कढई उतरवली आणि सांडशी अगदी नेमकी त्या पांढऱ्या रेघेच्या आत ठेवली.