भिकुबाई गुरवीण आणि देवळावरचा पिंपळ

बहुळखेड्यात भिकुबाई गुरविणीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा प्लेगात गेला तेव्हा पोरगा निंबा पाळण्यात होता. दीर म्हणाले, बाईमाणसानं महादेवाची गुरवकी कशी करायची? तिनं कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे केरसुणी घेतली, गाभारा झाडला, दिवा लावला, पिंडीवर बेल वाहिला आणि पायरीवर बसून पत्रावळी लावायला घेतल्या. दीर आले, बघून गेले. झालं.

देऊळ काळ्या दगडाचं, कुणा यादव राजाच्या वेळचं म्हणत. खरं-खोटं त्या राजालाच ठाऊक. खांबांवर हत्ती, हंस, वेली, आणि सभामंडपाच्या छताला मोठ्या मोठ्या शिळा एकमेकींना टेकवून बसवलेल्या. फौजा आल्या, गेल्या, त्या देवळाचं कुणाला काही करता आलं नाही. त्याचा खरा वैरी होता कावळा. पिंपळाची फळं खायची आणि शिखरावर येऊन बसायचं, एवढंच त्याचं काम. दोन दगडांच्या सांध्यात बी पडायचं, पावसाळ्यात दोन पानं फुटायची. दसऱ्यापर्यंत रोप वीतभर व्हायचं. तेवढ्यात काढलं तर दोन बोटांनी निघतं. राहू दिलं तर त्याच्या मुळ्या शिळा उचकटतात.

पण पिंपळाला हात कोण लावणार? पिंपळ तोडला की वंश बुडतो, ही गावाची पक्की समजूत. मग गावानं एक सोयीची वाट काढली होती. पाचोऱ्याच्या नूर महंमद गवंड्याला बोलवायचं. दरसाल नवरात्र उठलं की तो बैलगाडीत शिडी टाकून यायचा. वर चढून रोपं काढायचा, पन्हळीतला पाला उपसायचा, सांधे खरवडून त्यात बेलफळाचा गर आणि गूळ घातलेला चुना दाबून भरायचा. खाली सगळं गाव दुसरीकडे बघत उभं. पाप त्याला लागो, देवाचं छप्पर आमचं कोरडं राहो! चुन्याची घमेली वाहायला मात्र भिकुबाई. ती त्याला नूरभाऊ म्हणायची, तो तिला अक्का.

"अक्का, तुमना गावनं बठ्ठं पाप मना डोकावर शे," तो वरून हसत म्हणायचा. "मी ते चुनामा कालवी टाकस."

मग एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराला कुठल्याशा लांबच्या शहरात हिंदू-मुसलमानांची डोकी फुटली. बहुळखेड्यातल्या एकाही माणसानं ते शहर पाहिलेलं नव्हतं. तरी पंचांची बैठक झाली आणि पितांबर नानांनी जाहीर केलं की यापुढे मुसलमानाचा पाय देवळावर पडणार नाही. पितांबर नाना म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं पागोटं. आजवर ज्याच्या माथी आपलं पाप मारलं तो एका दुपारीत परका झाला आणि गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नूर महंमद यायचा थांबला. रोपं वाढायची थांबली नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात शिखराच्या मागे पिंपळ मनगटाएवढा झाला आणि गाभाऱ्यात, बरोबर पिंडीवर, थेंब थेंब पाणी पडू लागलं.

आता शहाणं गाव म्हणालं असतं, छत गळतंय. बहुळखेडं म्हणालं, महादेव स्वतःचा अभिषेक स्वतः करून घेतोय! चार गावांत हाकाटी झाली. गाड्या जुंपून माणसं येऊ लागली. नारळांचा ढीग, तांदळाच्या राशी, आणि गुरवाचा हक्क म्हणून त्यातला वाटा भिकुबाईच्या घरात. जन्मात पहिल्यांदा तिच्या कणग्या भरल्या. निंबा खुशीत होता. सून ताईबाईला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, तोही या अभिषेकाचाच प्रसाद असं तो सांगत सुटला.

भिकुबाई मात्र रोज झाडताना वर बघायची. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी थेंबही थांबायचा. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी पिंडीवर बेलाच्या जोडीला दगडाची कपची पडलेली दिसली. वरच्या शिळेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. ती कपची पदरात घेऊन ती थेट पंचांसमोर उभी राहिली.

"हाऊ चमत्कार नही, नाना. वरला दगड फुटी र्‍हायना. नूरभाऊले बलावा, नहीते दुसरा कोणले."

पितांबर नानांनी कपचीकडे पाहिलंसुद्धा नाही. "देव सोता आंघोय करी र्‍हायना, नि तू त्यानं पानी तोडस?"

लोक हसले. भिकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ती पायी पाचोऱ्याला गेली. नूर महंमद म्हातारा झाला होता, ओट्यावर उन्हात बसला होता. अपमान त्याच्या मनातून गेलेला नव्हता. आपण येणार नाही हे त्यानं आधीच सांगून टाकलं.

"तुमले न्याले नही उनू," ती म्हणाली. "इतला वरीस तुम्ही आमनं पाप लिधं. आते माले द्या. कसं काढानं ते सांगा."

म्हातारा डोळे पुसून म्हणाला, "इतलं मोठं झाड उपटू नका, अक्का. उपटशात ते दगड बी संगे इतीन. कापा, नि बुंधामा कयीना चुना भरा. मुयी सुकी गयी की मंग सांधा बुजा." आणि आपली थापी तिच्या हातात ठेवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळं गाव जागं असताना, भिकुबाईनं देवळाला शिडी लावली. चोरून करायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. लुगड्याचा काचा मारला, कंबरेला कोयती खोचली आणि चढली. खाली गलका झाला. पिंपळाला कोयती लावते, त्यातून बाई होऊन देवाच्या डोक्यावर चढते! निंबा खालून हात जोडत होता. घरात ताईबाईचे दिवस भरत आले होते. पितांबर नाना धावत आले, पागोटं सावरत ओरडले की उतर खाली, देव बाटला.

भिकुबाईनं वरून मान वळवली. "देवना डोकावर कावया हगस, ते तुमले चालस. मी झाडस, ते चालत नही?"

आणि कोयती हाणली.

पुढं पंधरा-वीस दिवस ती वर जात होती. बुंध्यात कळीचा चुना भरला, पाला उपसला, पन्हळ मोकळी केली, मुळी सुकल्यावर सांधे आणि ती चीर भरली. अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली तेव्हा ती गाभाऱ्यात जाऊन उभी राहिली. पिंड कोरडी होती. तिला इतका आनंद झाला की एकटीच मोठ्यानं हसली. गाड्या यायच्या बंद झाल्या, कणग्या पुन्हा रिकाम्या झाल्या. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. ते तिला फारसं जड गेलं नाही.

जड गेलं ते नंतरचं. कार्तिकात गावात तापाची साथ आली, आठ-दहा घरांतली लेकरं गेली. ताईबाईला मुलगा झाला, गोरा, दणदणीत. बारशाआधीच त्याला ताप भरला आणि दोन दिवसांत तो गेला. गावाला आयतंच सापडलं. वंश बुडाला, सांगितलं नव्हतं का? निंबानं आईशी अबोला धरला. ताईबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भिकुबाई देवळाच्या पायरीवर बसून रडली, खूप रडली. आपल्या हातानं नातू मारला की काय, हा किडा तिच्याही डोक्यात शिरला होता. आपल्याला काही कळत नाही, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

वर्ष गेलं. पावसाळा सरला. कावळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. शिखराच्या सांध्यांत पुन्हा कोवळी, तांबूस पानं हलू लागली. दसरा झाला आणि भिकुबाईनं पुन्हा शिडी काढली. का, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. छत गळू द्यायचं नव्हतं, एवढंच. गाव पुन्हा जमलं. या खेपेला गलका नव्हता. म्हातारी कुठवर जाते ते बघायला सगळे गप्प उभे होते. शिडी धरायला कुणी पुढं आलं नाही. निंबा पाठ फिरवून उभा राहिला. भिकुबाईनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघ्यात कळ येऊन ती थांबली.

इतक्यात गर्दी दुभंगली. ताईबाई येत होती. पुन्हा दिवस गेलेले, पोट नुकतं दिसू लागलेलं. बायकांना वाटलं, आता सून सासूला खाली ओढणार. भिकुबाईलाही तेच वाटलं. ती शिडीला धरून उभी राहिली.

"सरका, आत्याबाई," ताईबाई म्हणाली. "तुमना गुडघा दुखतस. ह्या खालना मी काढस. तुम्ही शिडी धरा."

"पोरी, आते तरी आयक!" पितांबर नाना ओरडले. "येक पोर्‍या गया. हाऊ बी जाई!"

ताईबाई दोन पायऱ्या चढली होती. ती तिथंच थांबली. गावच्या सुनेनं पंचांपुढं तोंड उघडायची रीत नव्हती. तिनं पदर डोक्यावरून मागं सारला आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"मना पोर्‍या तापमा गया, नाना. तुमना नातू बी त्याच तापमा गया. तुम्ही कोणता पिंपय तोडेल व्हता?"

पितांबर नाना गर्दीतून मागं सरले. भिकुबाईचे डोळे भरून आले होते, पण शिडी सोडून पुसायची सोय नव्हती.

"डावा पाय नीट ठेव," ती सुनेवर खेकसली. "नि मुयीसकट काढ."