गुळाची पहिली ढेप

गुळाच्या ढेपेची उशी करून झोप लागत नाही, असा माझा समज आहे. तो चुकीचा निघतोय हे मला कळतंय, पण कळेपर्यंत डोळे निम्मे मिटलेत.

धारजाईच्या डोंगराच्या पायथ्याला पत्र्याची एक शेड आहे. तिच्यातल्या ओट्यावर मी आडवा आहे. चैत्रातली दुपार. उन्हं उतरल्याशिवाय चढायचं नाही, असं शांताराम गुरवांनी बजावलंय. ते शेडच्या तोंडाशी काठी घेऊन माकडांवर नजर ठेवून बसलेत. माझं वजन सकाळीच वर गेलंय. मी खाली आहे.

हे जरा नीट सांगायला हवं. मी दिवस भरायच्या आतच जन्मलो. दवाखान्यात काचेच्या पेटीत होतो आणि सोललेल्या कोंबडीसारखा दिसत होतो, यावर आमच्या घरात कधीच मतभेद झाले नाहीत. तेव्हा माझी हौसाआत्या या पायथ्याशी आली आणि अधू गुडघ्यानं चढवेना म्हणून खालूनच वर बघून धारजाईला बोलली, की आमचं पोर जगलं तर त्याच्या वजनाइतका गूळ तुला वाहीन. पोर जगलं. नवस राहिला. आत्या दर चैत्रात म्हणायची, यंदा नको, पोराला जरा अंगानं भरू दे. पोर भरत गेलं, तसा गूळही वाढत गेला. मी दुसऱ्यांदा भात घेतला की बाबा माझ्याकडे आणि मग डोंगराच्या दिशेला बघायचे. आत्या मला नावानं कधी हाक मारायचीच नाही. गुळ्या म्हणायची.

मागच्या पावसाळ्यात आत्या गेली. म्हणून मी आज आलोय. ढेपा गावातल्या माणसांनी सकाळच्या गारव्यात खांद्यावरून वर नेल्या, देवळापुढच्या तराजूपाशी. एक तेवढी गुरवांनी खाली ठेवून घेतली. फडकं सोडून त्यांनी गुळाचा रंग बघितला, बोटानं वाजवून बघितला आणि विचारलं, "नवस कोण बोललं हुतं?"

"आत्या."

"मग आत्याला बोलवा. पहिली ढेप ज्यानं नवस बोलला त्याच्याच हातची लागती."

"आत्या वारली."

गुरवांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "मग अवघड हाय."

"मी ठेवली तर?"

"ठेवा की. देवी काय न्हाई म्हणायची न्हाई. पर मग तो नुसता गूळ. नवस न्हवं." मग ओट्याकडे बोट करून म्हणाले, "पडा जरा. बघू."

काय बघणार, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्यापुढे प्रश्न असा, की आता चढायचं कशाला? ओटा दगडी होता. ढेप जवळ होती. मी विचारलं, देवीच्या गुळावर डोकं ठेवलेलं चालतं का. गुरव म्हणाले, डोकं टेकायलाच तर येत्यात समदे.

पत्र्यावरून माकडं धावताहेत. त्यांचा आवाज दूर जातो आणि हळूहळू आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांसारखा होतो. कुणीतरी परात घासतंय.

"ऊठ, गुळ्या. उशी दे इकडं."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हौसाआत्या बसलीय. हिरवं इरकल नेसलीय आणि पदरानं माझ्या तोंडावरच्या माश्या हाकलतेय. मी आधी तिचे पाय बघतो. पाय सरळ आहेत. चपला डावी-उजवीकडे उलट घातल्यात, पण त्या ती जिवंतपणीही तशाच घालायची.

"आत्या, तू वारलीस ना?"

"मग? दुपारचं मला काय काम असतंय?"

ती ढेप उचलते. तिच्या उजव्या अंगठ्याला लहानपणी विळा लागला होता आणि नख मधोमध दुभंगलं होतं. तिनं थापलेल्या भाकरीच्या कडेला म्हणून कायम एक बारीक रेघ उमटायची. आई आणि आत्या यांच्यातली भाकरी कुणाची, हे मी डोळे झाकून बोटानं सांगायचो. ती ढेप डोक्यावर ठेवते आणि पायऱ्या चढायला लागते. मागं वळून बघत नाही. मी धापा टाकतोय.

"तुझा गुडघा?"

"गुडघा जाळला की तुम्हीच."

मी चढत राहतो. पायऱ्या दगडी आहेत, मग लाकडी होतात, आणि आता ही आमच्या माळ्यावर जायची शिडी आहे. वर कांद्याचा वास येतोय. आत्या माळ्यावर डोकं घालते आणि मी तिच्या मागोमाग शिरतो तो थेट एसटीत. कंडक्टर तिकिटाचा पंच वाजवत येतो.

"धारजाई दोन," मी म्हणतो.

"बाईंना तिकीट न्हाई," तो म्हणतो. "गुळाचं पडंल."

आत्याला हे पटतं. ती खिडकीबाहेर बघत बसते. बाहेर रस्ता नाही, दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा आहे आणि एसटी त्यातून आवाज न करता चाललीय. एका दारापाशी ती थांबते. आत काचेची पेटी आहे. पेटीत सोललेल्या कोंबडीसारखं काहीतरी आहे आणि श्वास घेतंय.

"ह्यो तू," आत्या म्हणते. तिनं काचेला नाक लावलंय. काचेवर वाफ धरत नाही.

"बरा दिसतोय की."

"आता म्हणतोस. तवा बघायला हवा हुतास." ती ढेप मांडीवर घेऊन पेटीशेजारच्या स्टुलावर बसते. "गुळ्या, नवस मी मुद्दाम ठिवला हुता."

"मुद्दाम?"

"फिटला की देवी इसरती. तिच्या मागं काय कमी पोरं हायेत? आपलं काम ऱ्हायलेलं असलं, की ती वरनं वाट बघत ऱ्हाती. ते पोर कुठं हाय, अजून कसं आलं न्हाई. तेवढंच तुझ्यावर ध्यान."

मला दहावीला कावीळ झाली होती. कॉलेजात असताना गाडी खड्ड्यात गेली होती आणि मी तेवढा उडून चिंचेच्या फांदीला लटकलो होतो. दोन्ही वेळा मी वाचलो, आत्या खुशीत होती आणि कुणालाच त्याचा अर्थ लागला नव्हता.

"म्हणून डोलीत बसून वर आली नाहीस? मी उचलायला माणसंसुद्धा ठरवली होती."

"घेरी येती म्हणले हुते ना?"

"हो."

"न्हाई यायची." ती ढेपेवरून हात फिरवते. "बसावं वाटत हुतं लई. पर वर गेले असते तर नवस फेडावा लागला असता. रिकामी कशी जाणार?" पेटीतलं पोर एकदा पाय हलवतं. "मला बघायची हुती ती, गुळ्या. एकदा. दरसाल खालनंच हात जोडले. वर ढगच असायचं. मान दुखायची नुसती."

एवढी वर्षं मला वाटायचं, की आत्याचं आणि देवीचं रोजचं बोलणं असणार. दोघींनी एकमेकींना पाहिलेलंसुद्धा नाही.

"मग चल की आता," मी म्हणतो.

व्हरांडा संपतो तिथं देऊळ आहे. देवळापुढं तराजू टांगलाय तो आमच्या हॉलमधल्या पंख्याच्या हुकाला. गुरवही आहेत, मांडीवर माकड घेऊन. मी एका पारड्यात बसतो. पारडं हलत नाही. तराजूच्या दृष्टीनं मी खाली ओट्यावर झोपलेलो आहे.

आत्याचं तिकडं लक्षच नाही. ती ढेप कडेवर घेऊन गाभाऱ्यासमोर उभी आहे. तिनं पदर नीट केलाय, कपाळाचं कुंकू बोटानं चाचपून बघितलंय. बांगड्या वाजतात, मग वाजायच्या थांबतात.

मी तिच्या मागं जाऊन उभा राहतो. गाभाऱ्यात आमच्या घरचा देव्हारा आहे. मग तिथं किराणा दुकानाचं कॅलेंडर येतं. मग एसटी ड्रायव्हरच्या पुढ्यातली लाल दिव्याची तसबीर. मला कारण कळतं आणि कळू नये असं वाटतं. स्वप्न माझं आहे. मी वर कधी आलेलो नाही. ती कधी आलेली नाही. दोघांनीही न पाहिलेलं तोंड स्वप्न दाखवणार तरी कुठून?

मी डोळे गच्च मिटून देवी तयार करायला बघतो. मोठे डोळे, नाकात नथ, शेंदूर. क्षणभर जमतं. मग ती आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखी दिसायला लागते आणि माझ्याकडे रागानं बघते.

"हितं बी न्हाई दिसत व्हय," आत्या हळू म्हणते.

"थांब, परत बघतो."

"ऱ्हाऊ दे. वडातान करू नगं." ती पायरीवर टेकते. तिला इतकं थकलेलं मी जिवंतपणी बघितलं नव्हतं. "तू बघून ये आन मग सांग मला. नाकात काय हाय, हसती का रागात हाय, तोंड आपल्या गावाकडं हाय का दुसरीकडं. नीट बघ. तुला नीट बघायची सवय न्हाई."

"सांगू कुठं?"

"असाच पड की कुठंतरी दुपारचा."

"आणि नवस फिटल्यावर ती मला विसरली तर?"

आत्या ढेप कडेवरून मांडीवर घेते.

"मग तुझं तू बघायचं," ती म्हणते. "मोठा झालास की. किती गूळ लागतोय बघ." ती ढेपेच्या कडेला अंगठा रोवते, एक तुकडा मोडते आणि माझ्या तळव्यावर ठेवते. उन्हातनं आलेल्याला ती असंच द्यायची. "खा. वर पाणी पी."

पाणी कुठं आहे, हे विचारायला मी तोंड उघडतो आणि पत्र्यावर माकड आदळतं.

मी उठायला जातो, पण ढेप माझ्याबरोबर उठते. उजवा कान चिकटलाय. गुरव काठी टेकत येतात आणि एका हातानं माझं डोकं, दुसऱ्या हातानं ढेप धरून आम्हाला वेगळं करतात. उन्हानं गूळ मऊ झालाय. त्यावर माझा कान उमटलाय, पाळीसकट.

पलीकडच्या कडेचा एक तुकडा मोडलेला आहे. तिथं अंगठ्याचा खळगा आहे. खळग्यात नखाची खूण आहे आणि तिच्या मधोमध एक बारीक रेघ.

मी माझा अंगठा लावून बघतो. बसत नाही.

"गुरव, ढेपेला हात लावला का कुणी?"

"म्या न्हाई लावला. आन माकडाला हितवर येऊ दिलं न्हाई." ते वाकतात. स्वतःचा अंगठा खळग्याजवळ नेतात, रेघ बघतात आणि न टेकवताच मागं घेतात. "आत्याच्या अंगठ्याला काय झालं हुतं?"

"विळा लागला होता."

गुरव टोपी काढतात. या वेळी डोकं खाजवत नाहीत. टोपी थोडा वेळ हातात धरून ते डोंगराकडं बघतात, मग घालतात.

"चला," ते म्हणतात. "उन्हं उतरली."

ऊन आहे तसंच आहे. शेडच्या बाहेर पाय ठेवला तर पोळतोय. माझ्या जिभेखाली काहीतरी गोड विरघळतंय. गुरव रांजणातलं पाणी तांब्यात घेऊन पुढं करतात आणि मी ते पितो.

मग फडक्याची चुंबळ करून मी ढेप डोक्यावर घेतो. कानाची बाजू मागं ठेवतो, अंगठ्याची पुढं. बघायचं आत्याला होतं.