असं-मशीन-नाही

देविदास सरांची नोकरी मी खाल्ली.

आज सरांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर ही पोस्ट तीनदा लिहिली आणि तीनदा डिलीट केली.

सर आधी अमरावतीत शाळेत इंग्रजी शिकवायचे. मग आमच्या कंपनीत डॉक्युमेंटेशन लिहायला आले. वय पन्नाशीपार. आम्ही पोरं पाठीमागे हसायचो.

आमचं टूल साधं होतं. एआय एजंटला, म्हणजे स्वतःच कामं उरकणाऱ्या प्रोग्रामला, दूरच्या कॉम्प्युटरवर कमांड चालवता यायची. कॉम्प्युटर अकोल्यात, आम्ही अमरावतीत, आणि हुकूम देणारा माणूसच नाही.

त्याचं मॅन्युअल सर लिहायचे. माणसं वाचायची, एजंटही वाचायचे.

सरांची एक पद्धत होती. "फाइल्स साफ करणे", म्हणजे डिलीट करणे, या पानावरच्या उदाहरणात त्यांनी मशीनचं नाव लिहिलं होतं: असं-मशीन-नाही.

मी म्हटलं, "सर, हे उदाहरण चालतच नाही. एरर येते."

"याच्यासाठीच लिवलं ना बाप्पा. माणूस वाचते तं इचारते, खरंच करू का? हे एजंट इचारत नाई. जसं दिसलं तसं करून मोकयं होते. चुकून केलं तं एररच आली पायजे."

मला ते मास्तरी वाटलं.

मग एका क्लायंटचा डेमो ठरला. सर चुलतभावाच्या लग्नाला पातूरला गेले. लॅपटॉप ऑफिसातच होता. जाताना पासवर्ड मला देऊन गेले. "अडलं तं पाह्यजो."

काही अडलं नव्हतं. डेमोत क्लायंटला ते पान दाखवताना असलं नाव दिसलं तर हसू होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी सरांच्या लॉगिनमधून ते पान उघडलं. माझ्या स्क्रीनवर त्या वेळी जे मशीन जोडलेलं होतं, त्याचं नाव उचललं आणि उदाहरणात चिकटवलं. टेस्टिंगचं असेल असं धरून चाललो. तपासलं नाही.

डेमो मस्त झाला. टाळ्या वाजल्या. नाव परत बदलायचं मी साफ विसरलो.

आठवड्याभरात एका एजंटला साफसफाईचं काम दिलं गेलं. त्याने पान वाचलं. उदाहरण जसंच्या तसं चालवलं.

ते मशीन अकोल्यातल्या एका छोट्या दवाखान्याचं होतं.

बॅकअप होता, पण जुना. मधल्या पंधरा दिवसांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट गेले ते गेलेच.

मीटिंगमध्ये साहेबांनी त्या पानाची हिस्टरी उघडली. बदल करणारा: देविदास सर.

मी सरांच्या शेजारच्या खुर्चीत होतो.

सरांनी वाकून स्क्रीनवरची तारीख आणि वेळ वाचली. मग म्हणाले, "माह्या नावानं झालं ना? मंग माह्यी जबाबदारी."

माझं तोंड उघडलंच नाही. घरी लहान मुलगी, नुकतंच पर्मनंट झालेलो... कारणं भरपूर होती. हिंमत नव्हती.

सर राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी स्वतः त्या दवाखान्यात गेले. कोणी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर टेबल आवरता आवरता मला म्हणाले,

"बार्शीटाकळीहून एक म्हातारी आली होती. पुन्हा रक्त द्याले. मले म्हणे, पुन्हा सुई टोचा लागते का बापा? मी काय सांगू तिले?"

मी म्हटलं, "सर, चहा घेता का?"

खरंच, मी एवढंच म्हटलं.

सरांचं काम माझ्याकडे आलं. टेबलही. सर घरी ट्यूशन घेऊ लागले. मी एकदाही गेलो नाही. त्यांचे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत.

आणि मग गेल्या वर्षी, आजच्याच दिवशी, शिकवता शिकवता सर कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला गेलो. बुद्धवंदना झाली. जेवणं झाली. मी चप्पल शोधत होतो, तेवढ्यात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एक फाइल घेऊन आल्या.

"तुमच्या ऑफिसचं काही हाये. तुमाले द्या म्हणत होते. फोन लावला होता म्हणे त्यायनं."

आत त्या पानाची प्रिंट होती. मशीनच्या नावाभोवती लाल पेनाने गोल. बाजूला बदलाची वेळ. आणि सरांच्या शाळेतल्या अक्षरात दोन ओळी:

"या वेळी मी पातूरला होतो. लॉगिन निखिलकडे.
तो स्वतः सांगेल. वाट पाहू."

म्हणजे मीटिंगमध्येच त्यांना कळलं होतं. एक वाक्य बोलले असते तर नोकरी वाचली असती.

मी निखिल.

आज सकाळी ऑफिसात सगळ्यांना मेल केला. काकूंना भेटून सांगितलं. त्यांनी दार हळू लावून घेतलं.

तेव्हा काढून टाकलेलं उदाहरण पानावर परत घातलंय, मशीनचं नाव असं-मशीन-नाही. या वेळी माझ्या लॉगिनमधून.

सर, भावपूर्ण वगैरे लिहायचं माझं तोंड नाही.

तुम्ही वाट पाहिलीत. मी आलो नाही.

उदाहरणातली ती ओळ माझी होती, सर.