शैलजा मॅडमनी निवडलेला क्लच

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गौरवग्रंथात लिहायचे ठरल्यापासून पेन हातात घेऊन नुसता बसतो आहे. पण शैलजा मॅडमची साठी आणि मी गप्प, हे कसे चालेल?

सोलापूरच्या आमच्या तंत्रनिकेतनात मी वर्कशॉपचा मदतनीस होतो. मॅडम यंत्र शाखेत रुजू झाल्या त्या दिवशी थेट वर्कशॉपमध्ये आल्या, लेथवर हात ठेवून म्हणाल्या, “मामा, हे दुपारी फार तापतं का हो?” मशीन बंद का, असे विचारणारे पुष्कळ पाहिले होते. मशीनची तब्येत विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

त्यांची कामे अनेक, पण मी लिहिणार मुलींच्या गो-कार्टबद्दल. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर इंजिन बसवलेली ही बुटकी शर्यतीची गाडी मॅडमनी मुलींकडून वर्कशॉपमध्येच बनवून घेतली. कॉलेजने बजावले होते, अकलूजजवळच्या स्पर्धेत गाडी चढाच्या चाचणीत नापास झाली तर मुलींचा संघ बंद. माझी झोपच उडाली.

सगळा खेळ होता चेनच्या मागच्या दातेरी चक्राचा. ते मोठे घेतले तर जोर मिळतो, लहान घेतले तर वेग. मुलींना वेग हवा होता. मी म्हणालो, “सगळ्यात मोठं बसवा.”

“मामांचं ऐकलं तर गाडी चढेल हो, पण शेजारून म्हैस पुढं जाईल की!” अंबिका म्हणाली. ही कापड विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरातली मुलगी, जिभेला धार.

मॅडम हसल्या, पण निकाल दिला नाही. त्यांनी गिअरची सायकल आणवली आणि मुलींना कॉलेजजवळच्या पुलाच्या चढावर जड गिअर टाकून चढायला लावले. निम्म्यातच सगळ्या उतरल्या. मग हलका गिअर. वर पोचल्या, पण उतारावर पाय नुसतेच गरगर फिरू लागले. “आता पायांना विचारा, किती हवं ते,” मॅडम म्हणाल्या. मग कागदावर हिशेब झाला आणि पुढे दहा दाते, मागे साठ, असे ठरले.

इंजिनाचा जोर चाकांना जोडणारा क्लच मुलींना मोटारसायकलसारखा हातातला हवा होता. मॅडमनी वेग वाढला की आपोआप पकडणारा निवडला. “चढावर घाबरलेल्या माणसाचा हात ठरत नाही,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. सगळ्या खो खो हसल्या. मीही हसलो.

स्पर्धेआधी मॅडमनी स्वतः बसून गाडी पुलावर चढवून पाहिली. झकास गेली! तरीही मी पिशवीत मोठे चक्र घेतलेच.

चाचणीत अंबिका बसली. इंजिन गर्जले, धूर निघाला आणि गाडी चढाच्या पायथ्याशीच अडली. प्रत्येक संघाला दोनच संधी होत्या. मी पिशवी उघडली. “मॅडम, चक्र बदलू या! लवकर!”

मॅडम शांत. “मामा, गिअर जड असता तर इंजिन दमलं असतं. हे तर नुसतं ओरडतंय. आणि परवा हाच गिअर चढला होता.” त्यांनी झाकण काढायला लावले, वास घेतला. क्लचच्या ड्रममध्ये तेल!

अंबिका पुढे आली. “मॅडम, मीच घातलं. घरी माग सुरू करायच्या आधी फिरणाऱ्या सगळ्याला तेल घालून हात जोडतो आम्ही. आज सकाळी… दुसऱ्या कुणाला बसवा.”

कुणीतरी पुटपुटले, “संघ बुडवला हिनं.” मॅडमनी नुसते वळून तिच्याकडे पाहिले. मग अंबिकाला म्हणाल्या, “यंत्राला जीव लावणारी मुलगी मला हवीच आहे. फक्त ज्यानं घट्ट पकडायचं, त्याला तेल द्यायचं नाही. चल, धू. चालवणार तूच.”

ड्रम गार होऊ दिला, पेट्रोलने धुतला, ड्रमला आतून पकडणारे क्लचचे शू पॉलिश पेपरने घासले. दुसऱ्या खेपेला मी डोळे मिटून घेतले. कमळाभवानी देवीला काय काय नवस बोललो, आठवत नाही.

“मामा, डोळे उघडा की! गेली वर!”

गेली होती! अंबिका चढाच्या माथ्यावरून हेल्मेट हलवत होती, खाली मुली नाचत होत्या आणि मी त्यांच्यात. संघ वाचला. आज अंबिका एका कारखान्यात यंत्रे जोडते आणि तिची धाकटी बहीण आमच्या संघात आहे.

माझ्या पत्नीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दिवसभर दवाखान्यात बसून राहिल्या त्याही मॅडमच. त्यावर लिहायला लागलो तर संपायचे नाही.

आता मॅडम निवृत्त होत आहेत. त्या वेळेवर जेवत नाहीत, उन्हात डोक्याला काही बांधत नाहीत, ही माझी तक्रार या ग्रंथात छापावी. परमेश्वराने त्यांना ठणठणीत ठेवावे, शंभरी दाखवावी. पुढच्या रविवारी संघात नव्या मुली येणार आहेत आणि त्यांना शिकवायला यायला मॅडमनी होकार दिला आहे.