सिरगोडी वांगी

मलप्रभेवरच्या धरणाचं पाणी सिरगोडात शिरलं, तेव्हा यमुनाक्कानं भांडीकुंडी मागं टाकली आणि राखेत घोळलेलं वांग्याचं बी तेवढं पदराला बांधलं. सिरगोडची बारकी, हिरवी, काटेरी देठाची वांगी पंचक्रोशीत नावाजलेली. गाव गेलं तरी सिरगोडी वांगं राहील, असं तिनं मनाशी धरलं होतं.

केलगेरीच्या तळ्याकाठी तिचा नवरा लक्ष्मण वाट्यानं जमीन कसू लागला. पहिलं पीक आलं. यमुनाक्कानं भरली वांगी केली, एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

"ही सिरगोडी नव्हेत. चव नाही ती."

दुसऱ्या दिवसापासून पाटी घेऊन शहरातल्या मळमड्डीत ती हाळी द्यायची, "केलगेरीची वांगी!" लक्ष्मण चिडवायचा, "अगं, सिरगोडास्नं कोण येतंय तपासायला?" पण बाईचा हट्ट म्हणजे हट्ट! बुडालेल्या गावाच्या नावावर भलतंच काही विकणं तिला पाप वाटे. दरवर्षी ती बी धरी, पेरी, चाखून बघी आणि मान हलवी. दहा वर्षं अशीच गेली. आपल्यामागं ते नावही संपणार, या विचारानं तिला झोप लागत नसे.

चौऱ्याऐंशी साली मळमड्डीतल्या तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक अंबूताईंकडं हुबळीची सून आली, सुशीला. एका सकाळी तिनं पाटीत डोकावून पाहिलं.

"अगंबाई, सिरगोडी आहेत की ही!"

यमुनाक्काचा हात थबकला. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात, अक्का? आमच्या हुबळीच्या बाजारात ढिगानं येतात. कलघटगीकडच्या बायका आणतात, अळणावरकडच्या आणतात."

"सिरगोड कुठं आहे, ठाऊक आहे?"

"ते गाव आहे होय?" सुशीला हसली. "मला वाटलं, वांग्यांचंच नाव."

यमुनाक्का पायरीवर बसली. म्हणजे पाणी चढत होतं तेव्हा आणखी किती पदरांना बी बांधलेलं होतं! आपण एकटीच, असं धरून बसलो होतो. त्यांच्याही मातीत चव बदलली असेल, पण त्यांनी नाव सोडलं नव्हतं. जिनं गाव पाहिलं नाही, कधी पाहणार नाही, त्या पोरीच्या तोंडी सिरगोड रोजच्या स्वयंपाकातलं होतं.

सुशीलाला वांगी देताना तिनं वर मूठभर जास्त घातली. मग पाटी डोक्यावर घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पहिल्या खेपेला सवयीनं 'केलगेरीची'च तोंडात आलं. दुसऱ्या खेपेला सगळं बळ एकवटून तिनं हाळी दिली, "सिरगोडी वांगीऽऽ! सिरगोडची, आमच्या सिरगोडची!"